एकाच दारातून आत आलेले दोघे

आयोजकांनी मला एकच अट घातली होती: आपल्याकडच्या नेत्यांची नावं घ्यायची नाहीत. मी म्हटलं, चालेल, मी दक्षिण आफ्रिकेबद्दल बोलतो, तिथली पक्षनिष्ठा आणि वंचितांना प्राधान्य, हे दोन धागे घेऊन. ऐकताना मध्येच तुम्हाला कुणाचा चेहरा आठवला, तर ती जबाबदारी माझी नाही.

८ ऑगस्ट २०१७ पासून सुरुवात करू. केप टाऊनच्या संसदेत राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव होता. असे ठराव त्यांच्यावर पूर्वीही आले होते आणि आपटले होते. या वेळी फरक एवढाच की मतदान गुप्त होतं. गुप्त मतदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साधा मतदार येतो. त्याचं मत मालकाला, सावकाराला, गल्लीतल्या दादाला कळू नये म्हणून तो आडोसा असतो. इथे आडोशाला गेले ते खासदार, आणि त्यांना धास्ती होती ती स्वतःच्या पक्षाची. जून महिन्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं होतं की मतदान गुप्त ठेवायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सभापतींना आहे. सभापती होत्या बलेका म्बेटे, आणि सत्ताधारी पक्षाचं चेअरपर्सनपदही त्यांच्याकडेच होतं. तरी त्यांनी होकार दिला.

ठरावाच्या बाजूने १७७, विरोधात १९८, तटस्थ ९. झुमा वाचले. पण जरा वजाबाकी करून बघा. ४०० जणांच्या सभागृहात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे एएनसीचे, २४९ खासदार होते. बाकी सगळे पक्ष मिळून १५१. बाजूने पडलेली मतं १७७. म्हणजे किमान २६ जणांनी आपल्याच नेत्याच्या विरोधात मत दिलं होतं.

हेच सभागृह सव्वा वर्षापूर्वी उघड मतदान करत होतं. झुमांच्या न्कांडला या गावच्या घरावर सुरक्षेच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून सुमारे २४.६ कोटी रँड खर्च झाले होते. त्यात एक पोहण्याचा तलावही होता. हा तलाव नसून आग विझवण्यासाठी पाण्याचा साठा आहे, असं तिथल्या पोलीस मंत्र्यांनी गंभीर चेहऱ्याने, चित्रफीत दाखवून सांगितलं. मार्च २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांनी राज्यघटनेचं पालन केलं नाही, आणि त्यांना जाब विचारण्यात संसदही चुकली. इतका स्पष्ट निकाल आल्यावर पाच दिवसांनी त्यांना हटवण्याचा ठराव आला. बाजूने १४३, विरोधात २३३. बाजूची मतं विरोधकांच्या संख्येच्या आतच राहिली. माणसं तीच, नेताही तोच. बदलला तो फक्त हात वर करायचा की चिठ्ठी टाकायची, हा तपशील.

या खासदारांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही, कारण त्यांची खुर्ची कशी मिळते ते आधी पाहायला हवं. दक्षिण आफ्रिकेत मतदार पक्षाला मत देतो. पक्षाला जितके टक्के मतं, तितक्या जागा, आणि त्या जागांवर पक्षाने आधीच दिलेल्या यादीतली माणसं क्रमाने बसतात. यादीत वर कोण आणि खाली कोण, हे पक्ष ठरवतो. १९९४ मध्ये ही पद्धत निवडली त्यामागे शहाणपण होतं. मतदारसंघ आखत बसायला वेळ नव्हता, क्वाझुलू-नाताळ प्रांतात राजकीय हिंसाचारात रोज माणसं मरत होती, आणि लहानातल्या लहान गटालाही सभागृहात दोन खुर्च्या मिळाल्या तर तो हातातलं हत्यार खाली ठेवेल, असा हिशोब होता. तो हिशोब बरोबर ठरला. पण यादीच्या जोडीला घटनेत एक कलम होतं: पक्षाचं सदस्यत्व गेलं की खासदारकीही गेली. आपल्याकडे १९८५ साली पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, त्याची आठवण तुम्हाला होईल. तरी आपला आमदार निदान म्हणू शकतो की माझ्यामागे माझा तालुका आहे. तिथल्या खासदाराच्या मागे यादीतला एक क्रमांक असतो, बस्स.

मधल्या काळात, २००२ नंतर, ठरावीक पंधरवड्यात पक्ष बदलायची मुभा देऊन पाहिली. त्याचा फायदा बहुतेक वेळा मोठ्या पक्षालाच झाला आणि २००९ मध्ये ती मुभा बंद झाली. त्याच काळात एक अशी घटना घडली की कुठल्या नाटककाराने लिहिली असती तर आपण अतिशयोक्ती म्हटली असती. ज्या नॅशनल पार्टीने १९४८ पासून वर्णद्वेषाची राजवट उभारली आणि चालवली, तिचा उरलासुरला नवा अवतार २००५ मध्ये विसर्जित झाला, आणि त्याचे नेते एएनसीत दाखल होऊन मंत्री राहिले. निष्ठा या शब्दावर बोलताना मला नेहमी हे गृहस्थ आठवतात.

पण निष्ठेला शिवी समजू नका. ही पक्षनिष्ठा आली कुठून? १९१२ साली ब्लूमफाँटेनला स्थापन झालेला हा पक्ष १९६० ते १९९० अशी तीस वर्षं बंदीखाली होता. भूमिगत कार्यकर्त्याने तोंड उघडलं तर दुसरा कार्यकर्ता मरत असे. अशा ठिकाणी शिस्त म्हणजे एकमेकांचा जीव सांभाळणं. मंडेला स्वतःला पक्षाचा शिस्तबद्ध सदस्य म्हणवत, आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं. मतदानाचं वय चौदा करावं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ज्या पोरांनी रस्त्यावर गोळ्या झेलल्या त्यांना मत का नको, हा त्यांचा विचार. पक्षाच्या कार्यकारिणीने तो सरळ फेटाळला. मंडेलांनी ऐकलं, आणि पुढे ती गोष्ट ते स्वतःवरच हसत सांगायचे. इतक्या मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणारा पक्ष असणं, ही नव्या लोकशाहीच्या नशिबाची गोष्ट आहे. आणि याच मंडेलांनी १९९३ मध्ये कामगार महासंघाच्या परिषदेत सांगितलं होतं की उद्या एएनसीने तुमच्याशी वर्णद्वेषी सरकारसारखं वर्तन केलं, तर तुम्ही त्या सरकारचं जे केलंत तेच एएनसीचंही करा. सत्ता यायच्या आधी असं बोलणारे थोडे भेटतील. सत्ता आल्यावर ते लक्षात ठेवणारे त्याहून थोडे.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळतो. वंचितांना प्राधान्य.

दक्षिण आफ्रिकेत नोकरीतलं आरक्षण १९९४ नंतर आलं, असा समज तिथेही आहे आणि इथेही. ते त्याच्या सत्तर वर्षं आधी आलं, आणि गोऱ्यांसाठी आलं. १९२४ मध्ये पंतप्रधान हेर्टझोग यांच्या सरकारने 'सुसंस्कृत मजुरी' असं गोंडस नाव देऊन रेल्वेत आणि सरकारी कामांवर गरीब गोऱ्यांना चढ्या पगारावर घेतलं. १९२६ च्या कायद्याने खाणीतली कौशल्याची कामं काळ्यांना आणि भारतीयांना बंद केली. पुढे १९४८ नंतर अख्खं प्रशासन आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या, माणसांनी भरलं गेलं, आणि ब्रूडरबाँड नावाची गुप्त संघटना कुणाला कुठे बसवायचं याची कुजबुज करत राहिली. ही कुजबुज ध्यानात ठेवा, ती पुढे परत ऐकू येणार आहे. या सगळ्यातून एक गरीब समाज दोन पिढ्यांत मध्यमवर्गीय झाला. तेव्हा गुणवत्तेचं काय होणार, असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९९६ च्या राज्यघटनेने समतेच्या कलमातच लिहून ठेवलं की पूर्वीच्या अन्यायाने मागे पडलेल्यांना पुढे आणण्यासाठी उपाय करता येतील. आपल्या सोळाव्या कलमाचा चौथा भाग आठवा, तोच धागा आहे. १९९८ मध्ये नोकरीतल्या समान संधीचा कायदा आला. काळे, स्त्रिया आणि अपंग यांना प्राधान्य, आणि 'काळे' या शब्दात आफ्रिकी, मिश्रवर्णीय, भारतीय हे सगळे. मात्र आपल्या कायद्यात आणि त्यांच्या कायद्यात एक मूलभूत फरक आहे. तिथल्या कायद्याने कोटा ठेवायला मनाई केली. उद्दिष्टं ठेवा, आकडे ठेवा, पण ठरावीक जागा राखीव ठेवू नका.

ऐकायला हे किती समंजस वाटतं! लवचीक, आधुनिक. आपल्याकडे बिंदुनामावली असते. कुठल्या बिंदूवर कुठल्या प्रवर्गाचा उमेदवार, हे कागदावर लिहिलेलं असतं. ती नामावली रुक्ष आहे, तिच्यावरून कोर्टकज्जे होतात, ती पाळली जात नाही म्हणून मोर्चे निघतात. पण ती पाळली गेली नाही हे दाखवता तरी येतं. अमुक प्रवर्गातला माणूस घ्यायचा एवढं ती सांगते. तो कुणाचा कार्यकर्ता असावा हे सांगत नाही, आणि परीक्षेची गुणवत्ता यादी लागली की त्या प्रवर्गातला वरचा माणूस आत जातो. उद्दिष्टाचं तसं नाही. उद्दिष्ट म्हणतं, प्रशासन जनतेसारखं दिसू द्या. ते कुणी दिसू द्यायचं, कसं, कुठल्या रांगेतून, हे ते मोकळं सोडतं. मोकळी जागा राजकारणात फार वेळ मोकळी राहत नाही.

२०१४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयापुढे एका गोऱ्या महिला पोलीस अधिकाऱ्याचं प्रकरण आलं. मुलाखतीत गुण सर्वांत जास्त, तरी वरच्यांनी पद रिकामं ठेवलं, कारण त्या श्रेणीत गोऱ्यांची संख्या आधीच जास्त होती. न्यायालयाने पोलीस खात्याच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल एकंदरीत पटतो. पण निर्णयाची कारणं पुरेशी सांगितली गेली नाहीत, ही काही न्यायमूर्तींची खंतही पटते. कारण सांगावं न लागणं, ही सवय फार लवकर लागते.

आता हे दोन धागे कुठे गुंतले ते पाहू. सत्तांतराच्या वाटाघाटी अडल्या तेव्हा, १९९२ मध्ये, कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांनी तोडगा सुचवला: ठरावीक काळापुरती सत्तेत भागीदारी, आणि जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्यांना संरक्षण. त्याने रक्तपात टळला असं म्हणायला जागा आहे. पण याचा अर्थ असा की १९९४ मध्ये मंडेला खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या सहीची फाईल ज्या टेबलांवरून फिरायची, ती टेबलं जुन्याच राजवटीची होती. ही माणसं काम अडवतील, फायली दाबतील, ही भीती कल्पनेतली नव्हती. मग डिसेंबर १९९७ च्या माफिकेंग अधिवेशनानंतर पक्षाने एक धोरण घेतलं. त्याला केडर डिप्लॉयमेंट म्हणतात. आपल्या भाषेत, महत्त्वाच्या जागांवर पक्षाचा माणूस नेमायचा. त्यासाठी पक्षाची एक समिती, आणि तिच्या प्रमुखपदी पक्षाचे उपाध्यक्ष.

दोन्ही गोष्टींचं समर्थन एकाच वाक्यात होत होतं: प्रशासनाचा चेहरा बदलायचा आहे. काळ्या माणसाला संधी द्यायची होती आणि विश्वासू माणूसही हवा होता. दोघे एकाच दारातून आत आले. सुरुवातीला ते दोघे बहुतेक वेळा एकच असायचे, म्हणून फरक कुणाला जाणवला नाही. जी बाई पक्षाची नाही पण काळी आहे, शिकलेली आहे, तिला या दारातून आत यायला काही मार्ग आहे का, हा प्रश्न पुढे आला. आणि राज्यघटनेत तर स्पष्ट लिहिलेलं आहे की केवळ एखाद्या पक्षाचा पाठीराखा म्हणून कुठल्याही सरकारी नोकराला झुकतं माप देता येणार नाही, किंवा डावलताही येणार नाही. कलम १९७. ते कलम आणि ही समिती पंचवीस वर्षं शेजारी शेजारी नांदली.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की बघा, अपात्र माणसं आत घेतली म्हणूनच संस्था बुडाल्या. त्याला उत्तर म्हणून मी महसूल खात्याची गोष्ट सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण प्रयोगशाळेत केल्यासारखा तो प्रयोग आहे.

१९९७ मध्ये आयकर आणि सीमाशुल्क एकत्र करून महसूल सेवा उभी राहिली. १९९९ ते २००९ तिचे आयुक्त होते प्रवीण गोर्धन. डर्बनचे औषधनिर्माता, भूमिगत चळवळीतले, एएनसीचेच. म्हणजे नेमणूक पक्षाच्याच माणसाची होती, हे मी लपवत नाही. समान संधीचा कायदा या खात्यालाही लागू होता. तरी या दहा वर्षांत ते देशातल्या सर्वांत कार्यक्षम संस्थांपैकी एक बनलं. करदाते वाढले, विवरणपत्रं ऑनलाइन आली, मोठ्या कंपन्यांकडे बघायला स्वतंत्र विभाग झाला. बाहेरचे देश शिकायला येऊ लागले.

सप्टेंबर २०१४ मध्ये झुमांनी टॉम मोयाने यांना आयुक्त नेमलं. त्याआधी ते तुरुंग खात्याचे प्रमुख होते. एका बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीला हाताशी धरून खात्याची नवी रचना झाली. मोठ्या कंपन्यांचा विभाग मोडला. अवैध तंबाखू व्यापाराच्या मागे लागलेली पथकं बरखास्त झाली. जाणते अधिकारी, त्यात काळे, गोरे, भारतीय सगळे, एकामागून एक बाहेर पडले किंवा अशा टेबलावर बसवले गेले जिथे काम नव्हतं. २०१८ मध्ये न्यायमूर्ती नुजंट यांच्या आयोगाने याची चौकशी केली आणि मोयानेंना हटवण्याची शिफारस केली; नोव्हेंबरमध्ये ते गेले. दरम्यान वसुलीत खड्डा पडला होता, आणि एप्रिल २०१८ मध्ये मूल्यवर्धित कर चौदावरून पंधरा टक्के झाला, १९९३ नंतर पहिल्यांदा. तो कर ब्राऊन ब्रेडवर नसला तरी साबणावर आहे. ज्यांच्या नावाने प्रशासन बदलायचं होतं, त्यांनीही तो भरला.

या गोष्टीत प्राधान्याचा कायदा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच आहे. पक्षही तोच. गोर्धन पक्षाचे होते आणि खात्याचेही होते. नंतरच्या नेमणुकीत खातं गळलं.

खासगी उद्योगातलं मी थोडक्यात उरकतो, कारण ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. २००३ मध्ये काळ्यांच्या आर्थिक सक्षमीकरणाचा कायदा आला. सरकारी कंत्राट हवं तर कंपनीत काळ्यांची भागीदारी दाखवा. मग ज्यांची पक्षात ओळख त्यांना भागीदारी. आणि जिथे तीही द्यायची नाही, तिथे माळ्याला किंवा चालकाला कागदावर संचालक केलं जाऊ लागलं. सरकारी टेंडरांवर गबर झालेल्यांसाठी तिथल्या लोकांनी 'टेंडरप्रेन्योर' हा शब्दच घडवला. सिरिल रामाफोसा खाण कामगारांची संघटना उभारणारे नेते, राज्यघटना लिहिणाऱ्या सभेचे अध्यक्ष. पुढे उद्योगात गेले आणि अब्जाधीश झाले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना इथे संपकरी खाण कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, ३४ जण मेले. त्या खाण कंपनीच्या संचालक मंडळावर रामाफोसा होते. चौकशी आयोगाने त्यांना दोषी धरलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण ज्या संघटनेचे ते संस्थापक, तिच्यावरचा अनेक खाण कामगारांचा विश्वास तोवर उडालेला होता. आणि हेही सांगतो, की इतकं सगळं होऊनही खासगी कंपन्यांच्या सर्वोच्च व्यवस्थापनात आजही साठ टक्क्यांच्या आसपास गोरे आहेत. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्येतलं त्यांचं प्रमाण ७.३ टक्के. तेव्हा 'आता पुरे झालं प्राधान्य' म्हणणाऱ्याने हा आकडा आधी खोडून दाखवावा.

नेतृत्वाबद्दल. थाबो म्बेकी हे शिकलेले, अलिप्त, थोडे अहंमन्य राष्ट्राध्यक्ष. २००५ मध्ये त्यांनी भ्रष्टाचाराच्या प्रकरणावरून झुमांना उपराष्ट्राध्यक्षपदावरून काढलं. डिसेंबर २००७ मध्ये पोलोक्वानेच्या अधिवेशनात झुमांनी त्यांना पक्षाध्यक्षपदासाठी २३२९ विरुद्ध १५०५ मतांनी हरवलं. पुढच्या सप्टेंबरात एका न्यायाधीशाने निकालपत्रात सूचित केलं की झुमांवरच्या खटल्यात राजकीय हस्तक्षेप झाला असावा. आठ दिवसांत पक्षाच्या कार्यकारिणीने म्बेकींना परत बोलावलं. 'परत बोलावलं' हा त्यांचाच शब्द, जणू देशाचं राष्ट्राध्यक्षपद म्हणजे पक्षाने बाहेरगावी पाठवलेल्या माणसाची नोकरी. संसदेत अविश्वासाचा ठराव झालाच नाही. म्बेकी दूरचित्रवाणीवर आले, आपण ५२ वर्षं पक्षाचे निष्ठावान सदस्य आहोत, पक्षाचा निर्णय मानतो, असं म्हणाले आणि पायउतार झाले. त्यांची शालीनता वाखाणली गेली. मलाही ती भावली होती. नंतर वाटू लागलं की त्या शालीनतेने एक वाट पाडून ठेवली. न्यायाधीशाचा तो निष्कर्ष चार महिन्यांत वरच्या न्यायालयाने उलटवला. तोवर राष्ट्राध्यक्ष बदलून गेले होते. आणि २०१५ मध्ये झुमा पक्षाच्या एका प्रांतिक अधिवेशनात म्हणाले की त्यांच्या लेखी एएनसी आधी, देश नंतर.

२०२४ च्या मे महिन्यात मतदारांनी हिशोब केला. १९९४ मध्ये ६२ टक्क्यांहून जास्त, २००४ मध्ये जवळजवळ ७० टक्के घेणारा पक्ष ४०.१८ टक्क्यांवर आला. ४०० पैकी १५९ जागा. येशू परत येईपर्यंत एएनसी राज्य करील असं झुमा म्हणत असत; आणि बहुमत घालवण्यात मोठा वाटा झुमांच्याच नेतृत्वाखालच्या नव्या पक्षाचा होता, ५८ जागांचा. अपक्षांना उभं राहायची मुभाही न्यायालयाच्या निकालामुळे याच निवडणुकीत पहिल्यांदा मिळाली. राष्ट्रीय सभागृहात एकही अपक्ष निवडून आला नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "प्राधान्याचं धोरण नसतं तर झुमा झाले असते का?" झाले असते. पोलोक्वानेला त्यांना कुठलं प्राधान्य नव्हतं, पक्षाच्या प्रतिनिधींची मतं होती. चिठ्ठीत पुढे विचारलंय की मग त्या समितीचं काय झालं. झुमांच्या काळातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने चार वर्षं काम करून २०२२ मध्ये म्हटलं की नेमणुका करताना पक्षाच्या समितीची शिफारस विचारात घेणं घटनेत बसत नाही. २०२४ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने मात्र ते धोरण घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. म्हणजे वाद चालू आहे. त्याच वर्षी विरोधी पक्षाच्या अर्जावरून समितीची कागदपत्रं उघड करायचा आदेश घटनात्मक न्यायालयाने कायम केला, आणि पक्षाने कागद दिले. पण २०१८ च्या आधीचं इतिवृत्त त्यात नव्हतं. २०१८ च्या आधीची पाच वर्षं समितीच्या प्रमुखपदी पक्षाचे तेव्हाचे उपाध्यक्ष रामाफोसा होते. आयोगापुढे त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या काळात इतिवृत्त ठेवलंच गेलं नाही. तेव्हा त्या वर्षांत ज्यांनी जाहिरात वाचून अर्ज केले, त्यांचं नाव नेमकं कुठल्या टेबलावर कापलं गेलं, हे त्यांना आता कळायचं नाही.